पातळ करायचं की मोडायचं?

प्रश्न : व्हेनेझुएलाच्या ओरिनोको पट्ट्यातलं अतिजड तेल 'अपग्रेड' करतात असं वाचलं. त्यात काहीतरी पातळ मिसळून पाइपलाइनीतून ढकललं तर भागत नाही का? एवढा कारखाना कशासाठी?

उत्तर : भागतं की! सुरुवात तिथूनच होते. हे तेल साधारण 8 ते 10 एपीआयचं. एपीआय म्हणजे तेलाचा हलकेपणा मोजणारा आकडा; जितका कमी, तितकं तेल जड. 10 म्हणजे जवळपास पाण्याची घनता. आकडा त्याखाली गेला की तेल पाण्यात बुडतं. जमिनीखालच्या उबेत ते सरकतं, वर येऊन निवलं की काकवीलाही लाजवतं. म्हणून तेलक्षेत्रातच नॅफ्था, म्हणजे पेट्रोलसारखं हलकं तेल, मिसळतात आणि व्हेनेझुएलाच्याच किनाऱ्यावरच्या होसे इथल्या अपग्रेडरपर्यंत, म्हणजे त्या कारखान्यापर्यंत, नेतात. तिथे नॅफ्था वेगळा काढून दुसऱ्या लाइनीने परत पाठवायचा. उसनवारीच ती. कॅनडात पाइपलाइनीची अट अशी, की चिकटपणा 350 सेंटिस्टोकच्या (चिकटपणाचं माप) वर नको. ती गाठायला तिथल्या बिट्युमेनच्या, म्हणजे डांबरासारख्या जड तेलाच्या, मिश्रणात 30 टक्क्यांच्या आसपास कंडेन्सेट (नैसर्गिक वायूसोबत मिळणारं पातळ तेल) घालावं लागतं. म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा पाइप पाहुण्यानेच अडवला.

या पाहुण्याशिवायच तेल वाहायला हवं, तर अपग्रेडिंग. त्यात तेलाचे जड रेणूच मोडतात. कोकर नावाच्या युनिटमध्ये 500 अंशांच्या आसपास तापवलं की जादा कार्बन कोक होऊन ड्रममध्ये बसतो आणि हलकं तेल वर निघतं. ते तसंच ठेवलं तर डिंक धरतं, म्हणून त्याला हायड्रोजन द्यावा लागतो. खर्च वाढतो तो इथे.

मग फक्त पाइपलाइनीपुरतं, अर्धंच मोडलं तर? कल्पना मलाही आवडते, पण जपून. मी रिफायनरीत व्हिसब्रेकरवर, म्हणजे जड तेल तापवून त्याचा चिकटपणा उतरवणाऱ्या युनिटवर, बरीच वर्षं काढली. तिथे हाच सौम्य प्रकार चालतो. दर शिफ्टला तेलाचा थेंब फिल्टर पेपरवर टाकायचो. डाग एकसारखा पसरला तर ठीक. मधोमध काळी टिकली उमटली, तर अस्फाल्टीन, म्हणजे तेलातले सगळ्यांत जड रेणू, तेलातून सुटायला लागले असं समजायचं. रेणू मोडताना भोवतालचं तेल बदलतं, अस्फाल्टीनच्या बाजूच्या साखळ्याही तुटतात, मग ते तरंगत राहत नाहीत.

एकदा चिकटपणा आणखी उतरवायच्या हट्टापायी आम्ही फर्नेस चार-पाच अंशांनी चढवली. तेल सुरेख पातळ निघालं. टिकली दिसली होती, काणाडोळा केला. पुढे टाकी उघडली तेव्हा तळाचा गाळ फावड्यांनी काढावा लागला. टाकीत माणूस उतरतो तरी, पाइपलाइनीत फावडं कुठून घालणार?