गुजरातहून घेतलेली, डिझेल इंजिन टाकलेली जुनी पद्मिनी कार एमएच-१५ वर, म्हणजे नाशिकच्या नोंदणीवर, होईल का?

होईल, पण गाडी आरसीशी (नोंदणी प्रमाणपत्राशी) जुळली तरच. नाशिकच्या पेठ रोडच्या आरटीओत माझं जुन्या गाड्यांच्या कागदपत्रांचंच काम असतं, तिथे बॉनेट उघडून आधी चेसिस नि इंजिन नंबर बघतात, आरसीवर पेट्रोल आणि आत डिझेल असलं की विषय संपला. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळी गाडी चालत नाही, २०१९ ला सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलंय. त्यामुळे इंजिन बदल तिकडच्या आरसीवर चढलाय का ते पैसे द्यायच्या आधीच बघा, मग तिकडच्या आरटीओची फॉर्म २८ ची एनओसी (ना-हरकत), इकडे नव्या नंबरसाठी फॉर्म २७, नाव बदलायला २९, ३० आणि रोड टॅक्स. ५० वर्षांपुढच्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते खरी, पण इंजिन-बॉडीत मोठा फेरफार नसेल तरच, म्हणजे तुमच्यासाठी तो रस्ता बंदच समजा.