पर्णकृमी अंगावरचा थर टाकून देतो, मग लसीने नेम कुठे धरायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: म्हशीच्या यकृतातल्या पर्णकृमीवर, म्हणजे फॅसिओला जायगॅन्टिकावर, तुम्हाला एम.व्ही.एस्सी.चा प्रबंध करायचा आहे. कृमीच्या पृष्ठभागावरचे टेट्रास्पॅनिन हे प्रथिन जिवाणूत तयार करून उंदरांना टोचायचा बेत आहे. आणि मार्गदर्शकांनी विचारले आहे की पृष्ठभागावरच्या प्रथिनांमागे लोक इतकी वर्षे लागलेले असताना लस अजून का नाही? या प्रश्नाचे उत्तर मनाशी पक्के केल्याशिवाय कामाला हात घालू नका, कारण तुमच्या प्रयोगाची सगळी आखणी त्यावरच ठरणार आहे.

या किड्याशी माझी ओळख पूर्व विदर्भातली. भंडारा-गोंदियाकडे तलाव आणि धानाच्या बांध्या, म्हणजे पाणगोगलगायींचे घरच. धान निघाले की गुरे बांध्यांत सुटतात, काठच्या ओल्या गवताबरोबर मेटासर्केरियाची, म्हणजे कृमीच्या बाधा करणाऱ्या अळीची, पुटी पोटात जाते, आणि दोन-तीन महिन्यांनी म्हशी खंगायला लागतात. दूध आटते, जबड्याखाली पाणी उतरते. ऑक्सिक्लोझानाइडचा डोस दिला की पित्तनलिकेतले मोठे कृमी पडतात. यकृताच्या मांसातून वाट पोखरत असलेली पिल्ले मात्र त्यातून सुटतात. पिल्लांवरही चालणारे ट्रायक्लाबेंडाझोल १९८०च्या दशकात आले, आणि १९९५ मध्ये ऑस्ट्रेलियातून त्यालाही दाद न देणाऱ्या कृमींची नोंद झाली. तो कृमी म्हणजे जायगॅन्टिकाचा भाऊबंद, फॅसिओला हेपॅटिका. म्हणून लसीचा ध्यास.

आता मुख्य मुद्दा. पर्णकृमीचे कातडे हे मेलेल्या पेशींचे कवच नव्हे. टेग्युमेंट, म्हणजे हे कातडे, हा अंगभर पसरलेला एकच सलग, जिवंत थर आहे. त्यात पेशींच्या भिंती नाहीत. केंद्रके खाली, स्नायूंच्या आतल्या बाजूला बुडालेली असतात आणि बारीक नळ्यांनी वरच्या थराशी जोडलेली असतात. या थराच्या सर्वांत वर शर्करेच्या साखळ्यांची दाट लव असते, तिला ग्लायकोकॅलिक्स म्हणतात. जनावराचे प्रतिपिंड येऊन चिकटतात ते पहिल्यांदा या लवेला. आणि कृमी काय करतो? ती लव सोडून देतो. खालच्या पेशींतून सूक्ष्म पुटिका वर येतात, फुटतात आणि नवी लव घालतात. संशोधक हॅना यांनी १९८०च्या सुमारास पिल्लांवर हे काम केले. हा थर दोन-तीन तासांत बदलला जातो असे त्यातून दिसले. प्रतिपिंड, त्यांच्या आधाराने चिकटलेल्या पांढऱ्या पेशी, सगळे त्या टाकलेल्या कातेबरोबर वाहून जाते. साप वर्षातून काही वेळा कात टाकतो, हा दिवसातून अनेकदा टाकतो.

म्हणूनच बाधित म्हशीच्या रक्तात पर्णकृमीविरुद्धचे प्रतिपिंड भरपूर सापडतात आणि तरी कृमी सुखाने जगतो. मेंढीत हेपॅटिका दहा वर्षांहून जास्त जगल्याचे माहीत आहे, आणि एकदा बाधा झालेली मेंढी दुसऱ्यांदाही तितकीच सहज बाधित होते. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. जे प्रथिन जनावराच्या प्रतिकारशक्तीला सगळ्यात ठळक दिसते, ते लसीसाठी सगळ्यात चांगले असेलच असे नाही. बहुधा ते दाखवण्यासाठीच पुढे केलेले असते. बाधित जनावराचा सीरम घेऊन, त्यातले प्रतिपिंड कृमीच्या कोणत्या प्रथिनाला जास्त चिकटतात, म्हणजे "सर्वांत गडद पट्टा कोणता", एवढे पाहून लक्ष्य निवडणारे प्रबंध मी बरेच वाचले आहेत. त्या निवडीतून रक्ततपासणीचा संच चांगला होतो, लस होत नाही.

टेट्रास्पॅनिनची गोष्ट यापेक्षा वेगळी आहे, त्यामुळे तुमची निवड मला चुकीची वाटत नाही. हे प्रथिन पटलातून चार वेळा आरपार जाते आणि त्याचे दोन फास बाहेर राहतात, एक लहान, एक मोठा. ते पटलातच रुतलेले असल्यामुळे लवेसारखे सहज सोडून देता येत नाही. शिस्टोसोमा हा रक्तवाहिन्यांतला चुलत कृमी. त्याच्या टीएसपी-२ या टेट्रास्पॅनिनचा मोठा फास उंदरांना टोचल्यावर प्रौढ कृमी ५७ टक्क्यांनी आणि यकृतातली अंडी ६४ टक्क्यांनी घटली, हे काम २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. ब्राझीलमध्ये सतत बाधित पाण्याच्या संपर्कात राहूनही बाधा न होणाऱ्या माणसांच्या रक्तात याच प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंड सापडले होते. पुढे ही लस माणसांवरच्या सुरक्षिततेच्या पहिल्या टप्प्यापर्यंत गेली. या प्रथिनाचे जनुक बंद पाडले की शिस्टोसोमाच्या टेग्युमेंटमध्ये पोकळ्या पडतात; म्हणजे ते कृमीला जगायला लागतेच. लक्ष्य असे हवे.

थायलंडच्या ईशान्य भागात, इसानमध्ये, दुसरा यकृतकृमी आहे: ओपिस्थॉर्किस व्हिव्हेरिनी. कच्च्या गोड्या पाण्यातल्या मासळीचे कोई प्ला खाण्यातून तो माणसात येतो आणि वर्षानुवर्षे राहिला तर पित्तनलिकेचा कर्करोग होतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याला १९९४ मध्येच निश्चित कर्करोगकारक ठरवले. हा कृमी आपल्या टेग्युमेंटमधून बारीक पुड्या सोडतो आणि पित्तनलिकेच्या पेशी त्या गिळून वाढीला लागतात. त्या पुड्यांच्या पटलावर टेट्रास्पॅनिन असते आणि त्याविरुद्धचे प्रतिपिंड ही गिळण्याची क्रिया अडवतात. हॅमस्टरना हे प्रथिन टोचल्यावर कृमी घटले, पण निम्म्यानेही नाही. मला यातली दुसरीच गोष्ट मोलाची वाटते: लसीने कृमी मेलाच पाहिजे असे नाही, त्याने यजमानाला पाठवलेला निरोप अडवला तरी रोग हलका होऊ शकतो. तुमच्या प्रबंधात हा मापदंड नक्की घाला.

आता पृष्ठभाग म्हणजे केवळ बाहेरचे कातडे असे धरू नका. आतड्याचे अस्तर हाही पृष्ठभागच. मेंढ्यांच्या हिमॉन्कस या रक्तपित्या गोलकृमीवर २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियात बार्बरव्हॅक्स ही लस आली. ती कृमीच्या आतड्याच्या अस्तरावरच्या प्रथिनांची आहे. मेंढीच्या प्रतिकारशक्तीला ती प्रथिने एरवी कधी दिसतच नाहीत, म्हणून त्यांच्यावर कृमीने ढालही तयार केलेली नाही. कृमी रक्त पितो तेव्हा प्रतिपिंडही पितो. अडचण दोन. नैसर्गिक बाधेने ही प्रतिकारशक्ती पुन्हा जागत नाही, म्हणून सहा-सहा आठवड्यांनी टोचावे लागते. आणि प्रयोगशाळेत बनवलेले प्रथिन चालले नाही, मेंढ्यांतून गोळा केलेल्या कृमींपासूनच लस काढावी लागते. पर्णकृमीतही असाच एक धागा आहे. आतड्याच्या अस्तरावरच्या ल्युसिन अमिनोपेप्टिडेज या विकराने १९९९ मध्ये मेंढ्यांत ८९ टक्के संरक्षण दाखवले होते. गोठ्यातल्या प्रयोगातून माळरानावर येताना असे आकडे टिकवणे हेच अवघड, कारण तिथे पुटी एकदम नाही तर रोज थोडी थोडी पोटात जाते.

सीरम पाहून लक्ष्य निवडणे ही पहिली चूक, दुसरी चूक कृमीच्या वयाची. आपण कत्तलखान्यातून प्रौढ कृमी आणतो, कारण ते सहज मिळतात. पण प्रौढ कृमी पित्तनलिकेत बसलेला असतो. तिथे प्रतिकारशक्तीचा हात तोकडा पडतो. मारायचे ते नुकत्याच पुटीतून निघालेल्या पिल्लाला, आतड्याची भिंत भेदून ते उदरपोकळीतून यकृताकडे सरकत असते तेव्हा. हे शक्य आहे याचा पुरावा जावाच्या बारीक शेपटीच्या मेंढ्यांनी दिला आहे. त्यांच्या उदरपोकळीतल्या पेशी प्रतिपिंडांच्या मदतीने जायगॅन्टिकाच्या पिल्लांना सुपरऑक्साइड हे ऑक्सिजनचे मारक रूप सोडून मारतात. त्याच पेशी हेपॅटिकाच्या पिल्लांचे काही वाकडे करू शकत नाहीत. म्हणजे आपल्याकडचा कृमी दोघांत हळवा आहे. हे वाचले त्या दिवशी मी फार आनंदलो होतो, आणि अजूनही आपल्या म्हशींसाठी मला सगळ्यात मोठी आशा याच निष्कर्षात दिसते.

कामाचे सांगतो. तुमचे टेट्रास्पॅनिन जिवंत पिल्लाच्या अंगावर खरोखर उघडे आहे का, हे आधी तपासा. बायोटिनने पृष्ठभाग रंगवण्याचा, म्हणजे बाहेर उघड्या असलेल्या प्रथिनांवर खूण लावण्याचा, प्रयोग मी पहिल्यांदा केला तेव्हा कृमी रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलेले होते. "पृष्ठभागाची" म्हणून जी प्रथिने निघाली त्यांत ॲक्टिन आणि ट्युब्युलिन ही पेशीच्या आतली प्रथिने ढिगाने होती. कातडे फाटून बायोटिन आत शिरले होते. चार महिन्यांचे काम बाद करावे लागले. कृमी कोमट सलाईनमध्ये आणा, दोनदा-तीनदा धुवा, पोटातला काळा गाळ ओकू द्या आणि वळवळणारेच घ्या. पिल्ले हवी असतील तर मेटासर्केरियापासून प्रयोगशाळेत काढता येतात. पित्त आणि योग्य तापमान लागते, हात बसायला पंधरा दिवस लागतील.

जिवाणूत बनवलेल्या प्रथिनावर शर्करेच्या साखळ्या नसतात आणि मोठ्या फासातले गंधकाचे बंध अनेकदा चुकीचे जुळतात. पिकिया यीस्टमध्ये बनवता आले तर उत्तम. नाही जमले तर निदान एवढे करा: तयार झालेला प्रतिपिंड जिवंत पिल्लाला चिकटतो का ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहा, आणि चिकटला तर तीन तासांनी पुन्हा पाहा. तेव्हाही तो तिथेच असेल तर तुमच्या हाती खरोखर काहीतरी लागले आहे. उंदराच्या टोचणीपेक्षा हा प्रयोग स्वस्त आहे आणि उंदीर काही या कृमीचा खरा यजमान नव्हे. माझे ऐकाल तर प्रबंधाचा पहिला अध्याय हाच करा, आणि उंदरांची परवानगी त्याचा निकाल पाहून मागा.