सरकी पेंड, बिनबियांची द्राक्षं आणि उसाचं बेणं: जीएमबद्दल तुमचे प्रश्न

आमची द्राक्षं बिनबियांची आहेत. मुंबईचे पाहुणे म्हणतात, ही जीएमच. खरं काय? (बागायतदार, तासगाव)

पाहुण्यांना खुशाल खाऊ द्या. जीएम म्हणजे प्रयोगशाळेत जनुकं बदललेलं पीक. भारतात शेतकऱ्यांच्या शेतात रीतसर पोचलेलं जीएम पीक एकच, ते म्हणजे बीटी कापूस (बीटी नावाच्या जिवाणूचं, अळीला मारणारं जनुक घातलेला), २००२ पासून. थॉमसन सीडलेसमध्ये बी धरतं, पण कोवळं असतानाच त्याची वाढ थांबते. हा निसर्गात झालेला बदल, माणसानं तो काडीवरून टिकवला. तुमच्या तालुक्यातला तास-ए-गणेशही थॉमसनमधूनच निवडलेला. आणि मणी फुगतो तो जीएच्या, म्हणजे जिबरेलिक ॲसिड या वाढ-संजीवकाच्या डिपिंगनं (घड द्रावणात बुडवून).

दुसरं जनुक झाडात घालतात कसं? इंजेक्शन देऊन? (बारावीची विद्यार्थिनी, वाई)

नाही गं, उभ्या झाडाला सुई टोचून काही साधत नाही. ॲग्रोबॅक्टेरियम नावाचा मातीतला जिवाणू झाडाच्या जखमेतून शिरतो, आपल्या डीएनएचा तुकडा झाडाच्या पेशीत घुसवतो आणि तिथं गाठ येते. शास्त्रज्ञांनी त्याची गाठ आणणारी जनुकं काढली, त्या जागी हवं ते जनुक बसवलं. दुसरी रीत म्हणजे सोन्याच्या किंवा टंगस्टनच्या बारीक कणांवर डीएनए चढवून ते कण पेशींवर झाडायचे. हजारो पेशींपैकी मोजक्याच पेशींत जनुक बसतं. त्या ओळखायला सोबत एक खूण-जनुक देतात. मग प्रतिजैविक घातलेल्या माध्यमात बाकीच्या मरतात, या तगतात. तगलेल्या पेशीपासून टिश्यू कल्चरनं अख्खं रोप उभं करतात. इथंच लोकांचा घोळ होतो. टिश्यू कल्चरची जी-नाइन केळी जीएम नाही, तिच्यात कुणी जनुक घातलेलं नाही.

बीटी सरकीची पेंड घातली तर म्हशीच्या दुधात विष उतरतं का? (दूध उत्पादक, मिरज)

देशातला ९० टक्क्यांहून जास्त कापूस बीटी आहे, म्हणजे तुमची पेंड बहुधा बीटीचीच. पण बीटीचं प्रथिन बोंडअळीच्या अल्कधर्मी आतड्यात जागं होतं, तिथल्या ठरावीक जागी चिकटून छिद्रं पाडतं. म्हशीच्या आतड्यात त्या जागा नाहीत, तिला ते इतर प्रथिनांसारखं पचतं. दुधात उतरणारं विष वेगळंच आहे: बुरशीचं अफलाटॉक्सिन. पावसाळ्यात ओल लागलेलं, कुबट वासाचं पोतं परत करा. त्याची चौकशी मात्र कुणी करत नाही!

खोडकिडीला न जुमानणारं उसाचं जीएम बेणं कधी मिळेल? (ऊस उत्पादक, कऱ्हाड)

ब्राझीलनं असा ऊस २०१७ मध्ये मंजूर केला. आपल्याकडे एकाही जीएम उसाला लागवडीची परवानगी नाही. तुमचा ८६०३२ हा उसाचा वाण साध्या संकरातून आलेला आहे. उद्या परवानगी मिळालीच, तरी कापसाचं काय झालं ते विसरू नका. २००६ मध्ये दोन बीटी जनुकांचं बियाणं आलं, कीड त्याला लवकर सरावू नये म्हणून कडेला बिगर-बीटीच्या ओळी लावायला सांगितलं होतं. बहुतेकांनी त्या लावल्या नाहीत आणि गुलाबी बोंडअळी दोन्ही जनुकांना पुरून उरली. कृष्णाकाठी मैलोन्‌मैल सलग ऊस आणि वर खोडवा (तोडणीनंतर त्याच बुडख्यातून फुटलेला ऊस). इथं किडीला सरावायला किती वेळ लागेल?

तणनाशक मारलं तरी न जळणारं सोयाबीन एक जण घरपोच देतो. घेऊ का? (कोरेगाव)

घेऊ नका. अशा बियाण्याला देशात परवानगी नाही. २०२१ मध्ये केंद्रानं आयातीला मुभा दिली ती कोंबडीखाद्यासाठी जीएम सोयापेंडीला, पेरायच्या दाण्याला नव्हे. शिवाय तो पावती देणार नाही. उगवण झाली नाही, तर कृषी कार्यालयात काय दाखवाल?