तेल नक्की कुठे जळतं?

अनेक आशीर्वाद.

तेल आटत चाललंय, मग सोसायटीने सोलर घ्यावं की बायोगॅस, आणि हायड्रोजनचं काय, असे तीन प्रश्न तू एका दमात विचारलेस. तिन्ही बाजूला ठेव. तेल तुमच्या इमारतीत कोणतं काम करतंय ते आधी लिहून काढ.

दिव्यांत आणि लिफ्टमध्ये ते नाहीच. मुंबईची वीज बरीचशी कोळशाची, थोडी खोपोली-भिवपुरी-भिऱ्याच्या पाण्याची. लोकल तर १९२५ पासून विजेवर आहे. तेव्हा गच्चीवर पॅनल लावून ‘तेल वाचवलं’ अशी पाटी लावू नकोस; वाचेल तो कोळसा. वाईट नाही, पण तू विचारलं होतंस तेलाचं. ते जळतं पार्किंगमधल्या स्कूटरांत, जनरेटरमध्ये आणि, पाइपचा गॅस आला नसेल तर, सिलिंडरच्या रूपाने शेगडीवर. पॅनलच्या जोडीला शेगडी किंवा स्कूटर बदलली, तरच तेल हटतं.

आता आकडे. १४.२ किलोच्या सिलिंडरइतका स्वयंपाक इंडक्शनवर साधारण १२० युनिटांत होतो. मुंबईत १ किलोवॅट पॅनल वर्षाच्या सरासरीने दिवसाला ४ युनिटं देतं, म्हणजे महिन्याला तेवढीच. त्याला १०० चौरस फूट सावलीविरहित गच्ची लागते. पावसाळ्यात उत्पन्न बरंच घसरतं, हे कमिटीला आधीच सांग, नाहीतर जुलैत तुझ्याच नावाने बोंब होईल.

पॅनल दक्षिणेकडे, सुमारे १९ अंशांच्या कलाने. आधी गच्चीचं वॉटरप्रूफिंग, मग सांगाडा. उलट केलंस तर गळती शोधायला सगळं उतरवावं लागतं. खाऱ्या हवेत नुसता रंगवलेला सांगाडा गंजतो, हॉट-डिप गॅल्व्हनाइज्डच, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेलाच घे. टाकीची सावली एका पॅनलच्या कोपऱ्यावर पडली तरी त्या स्ट्रिंगची, म्हणजे पॅनलांच्या त्या अख्ख्या माळेची, वीज कमी होते, कारण माळेतली सगळी पॅनलं एकामागोमाग जोडलेली असतात. कबुतरांची विष्ठाही तेच करते. आणि साधा, ग्रिडला म्हणजे बाहेरच्या वीजजाळ्याला जोडलेला इन्व्हर्टर (पॅनलची वीज घरच्या विजेत बदलणारं यंत्र) वीज गेली की स्वतःही बंद पडतो, लाइनवर काम करणाऱ्याला झटका बसू नये म्हणून. म्हणजे जनरेटरचं डिझेल त्याने वाचत नाही. त्यासाठी बॅटरी वेगळी. विक्रेता हे क्वचितच सांगतो. घराघरात इंडक्शनला १६ अँपिअरचं सॉकेट हवं. ६ अँपिअरच्या सॉकेटात खुपसलं की प्लग वितळतो.

बायोगॅसचा हिशेब याहून कडू आहे. ४० घरांचा दिवसाला २० किलो ओला कचरा धर. त्यातून जेमतेम २ घनमीटर गॅस, म्हणजे एलपीजीचा एक किलोही नाही. सिलिंडर सोळा दिवसांनी एक! ४० घरांत तो वाटायचा विचार सोड, वॉचमनच्या खोलीतल्या शेगडीला दे. कचरा इमारतीबाहेर जात नाही, खरा फायदा तो. बायोगॅसच्या टाकीची सुरुवात शेणाच्या काल्याने कर, गोरेगावच्या तबेल्यांत शेण मिळतं. पहिला गॅस पेटत नाही, त्यात कार्बन डायऑक्साइड जास्त असतो. तो सोडून दे. तीन-चार आठवडे थांब, मग कचरा थोडाथोडा वाढव. उत्साहात सगळा एकदम ओतलास तर आतलं आंबट होतं, पीएच साडेसहाखाली गेला की मिथेन, म्हणजे जळणारा गॅस, बनवणारे जिवाणू ठप्प होतात. मग कचरा टाकणं बंद करून वाट पाहायची. लिंबाची सालं, अंड्याची टरफलं, नारळाच्या शेंड्या आत नकोत. पाइपच्या सखल जागी पाणी साचून गॅस अडतो, तिथे निचऱ्याचा कॉक बसव.

मला लोक हिशेबी म्हणतात, म्हणोत. काम न पाहता यंत्र घेतलं की ते गच्चीवर गंजत पडतं, आणि मग ‘असल्या योजना चालत नाहीत’ हे पुढची दहा वर्षं तुलाच ऐकवलं जातं.

हायड्रोजन? तो जमिनीतून उपसायचा साठा समजू नकोस. पाण्यातून एक किलो काढायला पन्नासेक युनिटं जातात आणि हाती ३३ युनिटांएवढी ऊर्जा येते. खताच्या कारखान्यांना तो लागतो. तुमच्या सोसायटीत त्याचं काम काय?

पुढच्या पत्रासोबत विजेचं बिल नको. सिलिंडरच्या वर्षभराच्या पावत्या आणि जनरेटरच्या डिझेलची वही पाठव.