आयसीपी-एमएसवर (प्लाझ्मात आयन करून वस्तुमानावरून मूलद्रव्ये मोजणाऱ्या यंत्रावर) मातीतले आर्सेनिक मोजताना हायड्रोक्लोरिक आम्ल वापरले की आकडा का वाढतो?

तुम्ही लिहिले आहे की नुसत्या नायट्रिक आम्लात विरघळवलेल्या मातीपेक्षा अॅक्वा रेजियात (हायड्रोक्लोरिक आणि नायट्रिक आम्लांच्या मिश्रणात) विरघळवलेल्या मातीत आर्सेनिक जास्त दिसते, पण स्पाइक रिकव्हरी, म्हणजे नमुन्यात मुद्दाम घातलेल्या ठरावीक आर्सेनिकपैकी मोजणीत परत मिळालेला भाग, ९८ टक्के येते. मग आकडा खरा मानायचा का? लगेच मानू नका. अॅक्वा रेजियाने थोडे जास्त आर्सेनिक सुटूही शकते, पण आधी क्लोरीनचा संशय घ्यायला हवा.

हे यंत्र आर्सेनिक ओळखत नाही. नेब्युलायझर द्रावणाचे तुषार करतो, त्यातले जेमतेम १-२ टक्के बारीक थेंब स्प्रे चेंबरमधून पुढे जातात आणि ६००० ते १०००० केल्विनच्या आर्गॉन प्लाझ्मात त्यांचे आयन होतात. दोन धातूच्या शंकूंच्या टोकांवरील सुमारे १ मिलिमीटर आणि त्याहून लहान छिद्रांतून ते निर्वातात शिरतात. क्वाड्रुपोल त्यांना वस्तुमान आणि विद्युतभाराच्या गुणोत्तरानुसार गाळतो व डिटेक्टर मोजतो. म्हणजे हाती येते ती '७५ वर किती आयन आले' एवढीच मोजदाद.

आर्सेनिकचा स्थिर समस्थानिक एकच, ७५. आर्गॉन-४० आणि क्लोरीन-३५ जोडले गेले की तेही ७५! दुसऱ्या समस्थानिकावर जाऊन खात्री करण्याची सोय इथे नाही.

स्पाइक इथे फसवतो, कारण क्लोरीनची भर आधीच्या आणि नंतरच्या दोन्ही मोजमापांत सारखीच असते आणि वजाबाकीत निघून जाते. नमुना पाचपट पातळ केला तरी क्लोरीनही पातळ होते, त्यामुळे तीही चाचणी सरळ उत्तीर्ण होते. या दोन चाचण्या सिग्नल दबणे-वाढणे पकडतात, खोटी भर नाही.

म्हणून २ टक्के नायट्रिकच्या ब्लँकमध्ये (माती नसलेल्या कोऱ्या द्रावणात) तुमच्या अंतिम द्रावणाइतके हायड्रोक्लोरिक घाला आणि सेलमध्ये (क्वाड्रुपोलच्या आधीच्या, वायू सोडता येणाऱ्या कक्षात) वायू न सोडता ७५ व ७७ (आर्गॉन-४० अधिक क्लोरीन-३७) दोन्ही पाहा. वाढ साधारण ३:१ असेल तर ती क्लोरीनचीच, कारण क्लोरीन-३५ आणि ३७ चे प्रमाण तेवढेच आहे. मग हेलियम सोडा. आर्गॉन-क्लोरीनची जोडी आकाराने मोठी, ती हेलियमवर जास्त वेळा आपटते, ऊर्जा गमावते आणि सेलनंतरच्या विद्युत अडथळ्यावर अडते. आर्सेनिकचेही काही आयन जातात. संवेदनशीलता घटेल, ते चालवून घ्यावे.

मातीत आणखी एक पेच आहे. निओडिमियम-१५० आणि समॅरियम-१५० दुहेरी भाराचे झाले की तेही ७५ वरच दिसतात, आणि हेलियम त्यांना नीट रोखत नाही. तिहेरी क्वाड्रुपोल (सेलच्या आधी आणि नंतरही वस्तुमान गाळणारे यंत्र) उपलब्ध असेल तर सेलमध्ये ऑक्सिजन सोडून आर्सेनिक ऑक्साइडच्या रूपात ९१ वर मोजावे. माझ्या मते मातीसाठी हाच सर्वांत भरवशाचा मार्ग.

चुकीची किंमत किती ते पाहा. ०.२५ ग्रॅम माती ५० मिलिलिटरला नेली आणि विरघळलेले क्षार ०.२ टक्क्यांखाली राहावेत म्हणून आणखी दहापट पातळ केली, तर गुणक २००० होतो. द्रावणातली ०.५ मायक्रोग्रॅम प्रति लिटरची खोटी भर मातीत १ मिलिग्रॅम प्रति किलो होऊन बसते.

अंतर्गत मानक म्हणून (सिग्नलचे चढउतार दुरुस्त करण्यासाठी सर्व द्रावणांत सारखेच घातलेले मूलद्रव्य) टेल्युरियम घ्या. त्याची आयनीकरण ऊर्जा आर्सेनिकच्या जवळ आहे. शेवटी, त्याच आम्लात विरघळवलेली प्रमाणित संदर्भ माती (जिच्यातले आर्सेनिक प्रमाणपत्रात दिलेले आहे अशी माती) प्रत्येक बॅचमध्ये असू द्या. तिच्या प्रमाणपत्रातला आकडा अॅक्वा रेजियासाठीचा आहे की संपूर्ण विघटनासाठीचा, ते आधी तपासा.