वाचकांचे प्रश्न : कथा लिहिणाऱ्यांचा गट कसा जमवावा?

प्रश्न : नागपूरच्या मनीष नगरात राहते. गेली काही वर्षे कथा लिहिते आहे, दोन छापूनही आल्या. शहरात कवींच्या बैठका चिक्कार, पण कथा लिहिणारे कुठे बसतात ते सापडत नाही. शोध कुठून सुरू करू?

उत्तर : कविता तीन मिनिटांत वाचून होते आणि दाद जागच्या जागी मिळते. तीन हजार शब्दांची कथा मिनिटाला १२० शब्दांच्या गतीने वाचली तर २५ मिनिटे लागतात. एका संध्याकाळी आठ जणांच्या कथा ऐकणे कुणालाही झेपत नाही. म्हणून कथाकार कुणाच्या तरी बैठकीच्या खोलीत चार-पाच जण बसतात आणि त्याची बातमी होत नाही. गटाच्या नावाची पाटी शोधण्यापेक्षा कथा लिहिणारी माणसे शोधणे सोपे जाईल.

पहिली फेरी झाशी राणी चौकात, विदर्भ साहित्य संघात मारा. १९२३ साली स्थापन झालेली ही संस्था विदर्भातल्या लिहित्या माणसांचा जुना पत्ता आहे. तिथल्या कार्यक्रमाला जा आणि कार्यक्रम संपल्यावर अर्धा तास थांबा. ओळखी सभागृहात होत नाहीत, बाहेरच्या चहाच्या गाडीवर होतात. संघाचे मुखपत्र ‘युगवाणी’ आणि विदर्भातून निघणारे दिवाळी अंक वाचनालयात बसून चाळा. लेखकाच्या नावाखाली बहुधा गावाचे नाव असते. नागपूरकरांची नावे टिपून संपादकांमार्फत चार ओळींचे पत्र पाठवा. त्यात त्यांच्याच एखाद्या कथेबद्दल काही नेमके लिहिलेले असले तर उत्तराची शक्यता बरीच वाढते.

एक जागा लोक विसरतात : नाटकवाले. राज्य नाट्य स्पर्धेच्या नागपूर केंद्रावर आणि एकांकिका स्पर्धांमधून लिहिणाऱ्यांना संवादाची जाण असते, शिवाय ठरलेल्या तारखेला लिहून देण्याची सवय असते. कथाकारांत ही दुसरी गोष्ट दुर्मीळ. महाविद्यालयांच्या मराठी विभागातली मुलेही येतात, पण परीक्षा आणि नोकरीच्या धावपळीत गळतात, हे धरून चाला.

आधीच चालू असलेला गट सापडला तर एकच प्रश्न विचारा : मागच्या बैठकीत कुणाची कथा होती आणि तिचा पुढचा खर्डा कुणी पाहिला का? उत्तरात सत्कार, प्रकाशन सोहळे आणि पाहुण्यांची नावेच आली, तर तो उत्तम गट असेल, पण तुमच्या कामाचा नाही.

प्रश्न : आम्ही तिघे-चौघे तयार आहोत. किती जण असावेत, किती वेळा भेटावे, जागा कुठली घ्यावी? (प्रताप नगर)

उत्तर : सहा जण. पाचही चालतील, आठाच्या वर जाऊ नका. कारण साध्या हिशेबात आहे. सहा जणांत एका कथेवर बोलणारे पाच. प्रत्येकी चार मिनिटे धरली तर २० मिनिटे, मग लेखकाची पाच आणि मोकळ्या चर्चेची १५. म्हणजे एक कथा ४० मिनिटांत होते. दोन कथा, मधला चहा आणि उशिरा येणाऱ्यांची वाट मिळून दोन तास. हाच गट बारा जणांचा केला की नुसत्या पहिल्या फेरीला एका कथेमागे ४४ मिनिटे जातात, आणि शेवटी बोलणाऱ्यांकडे ‘माझंही तेच म्हणणं आहे’ याखेरीज काही उरत नाही.

महिन्यातून एकदा भेटून दोन कथा घेतल्या तर प्रत्येकाची पाळी तीन महिन्यांनी येते, वर्षाला चार कथा. नोकरी-संसार सांभाळून लिहिणाऱ्याला हा वेग पेलतो. दर आठवड्याला भेटायचे ठरवणारे गट पहिल्या दोन महिन्यांतच थकतात, कारण लिहिण्यापेक्षा भेटणे जास्त होते. दिवस पक्का ठेवा, उदाहरणार्थ महिन्याचा दुसरा रविवार. दर वेळी ‘कुणाला कधी जमेल’ असे विचारत बसलात की बैठक पुढे ढकलली जाते आणि दोनदा ढकललेली बैठक तिसऱ्यांदा होत नाही. चौघे आले तरी घ्यायची, हे पहिल्याच दिवशी ठरवा.

जागेसाठी बर्डीच्या, म्हणजे सीताबर्डीच्या, आसपासचा विचार करा. मेट्रोच्या ऑरेंज आणि अ‍ॅक्वा या दोन्ही मार्गिका सीताबर्डीला मिळतात, त्यामुळे हिंगणा मार्गावरचा आणि पारडीकडचा माणूस सारख्याच सहजपणे येतो. वाचनालयाची खोली मिळाली तर सर्वांत बरे. ग्रंथपालांना लेखी अर्ज द्या आणि त्यात दिवस, वेळ, माणसांची संख्या व ‘ध्वनिक्षेपक नाही, प्रवेश शुल्क नाही’ एवढे स्पष्ट लिहा. कॅफेत संगीत असते आणि तासाभराने वेटर घिरट्या घालू लागतो. घरी बसायचे तर पाळीपाळीने, आणि खाण्यात चहा-बिस्किटांपलीकडे काही नाही असा नियम करा. एका घरी तर्री-पोहे झाले की पुढच्या घरी सांबारवडी येते, आणि चार महिन्यांत यजमानपण टाळणे सुरू होते. हे हसण्यावारी नेऊ नका.

नागपूरचे हवामानही वेळापत्रकात धरा. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांकडे जातो तेव्हा दुपारची बैठक ठेवणे म्हणजे रिकाम्या खुर्च्यांना आमंत्रण. ते दोन महिने सकाळी सात ते नऊ ठेवा. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन असले तर बर्डी-सिव्हिल लाइन्सचे रस्ते मोर्चांनी अडतात. बैठक आठवड्यातल्या कामाच्या दिवशी असेल तर तेवढ्यापुरती धरमपेठेत किंवा कुणाच्या घरी हलवा.

प्रश्न : आमचा गट आहे, पण चर्चा ‘छान जमलीय’वर संपते. मागच्या खेपेला उलट झाले : एकाने सडकून टीका केली आणि लेखिका यायची बंद झाली. मधला रस्ता काय? (महाल)

उत्तर : दोन्हींचे मूळ बहुधा एकच असते : कथा तिथेच, पहिल्यांदा ऐकली जाते. कानाने एकदा ऐकलेल्या २५ मिनिटांच्या मजकुरावर माणूस एकतर सौजन्याने बोलतो किंवा जे खटकले तेवढेच धरून बसतो. कथा दहा दिवस आधी सर्वांच्या हातात पडली पाहिजे. बैठकीत वाचन नाही. फार तर लेखकाने पहिले पान वाचावे, म्हणजे त्याची लय कळते. कथा दहा दिवस आधी आली नाही तर पाळी गेली, पुढच्याला बोलवा. हा नियम पहिल्या वेळी मोडायची गळ सगळ्यात प्रेमळ सभासद घालतो. मोडू नका. गट फुटतो तो भांडणापेक्षा न वाचता आलेल्यांमुळे जास्त.

मजकूर युनिकोडमध्ये मागा. जुन्या फाँटात टाइप केलेली फाइल ज्याच्याकडे तो फाँट नाही त्याला निरर्थक चिन्हांचा ढीग दिसते आणि मोबाइलवर तर हमखास. १४ चा टाइप, दीडपट ओळ-अंतर, पानांना क्रमांक. म्हणजे ‘मध्ये कुठेतरी ते रेंगाळतं’ऐवजी ‘चौथ्या पानावरचा दुसरा परिच्छेद’ असे बोट ठेवता येते. ज्येष्ठ सभासदांसाठी कागदावरच छापून द्या. दहा पानांची कथा, सहा प्रती, दोन रुपये पान धरले तर १२० रुपये. ते लेखकाने न देता गटाच्या वर्गणीतून द्यावेत.

बोलण्याची पद्धत नवी शोधायला नको. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या मिलफर्ड या गावी १९५६ पासून लेखकांच्या कार्यशाळेत जी रूढ झाली ती जगभर वापरली जाते. सगळे गोल बसतात आणि क्रमाने प्रत्येकजण ठरलेल्या मिनिटांत बोलतो. मध्ये कुणी तोडत नाही. लेखक तोवर गप्प राहतो, फक्त टिपणे घेतो आणि शेवटी बोलतो. हे गप्प बसणे जाच वाटते, पण गरजेचे आहे. लेखक ‘मला तिथे असं म्हणायचं होतं’ सांगू लागला की चर्चा त्याच्या हेतूवर जाते. मासिकाच्या वाचकाला हेतू सांगायला लेखक शेजारी नसतो.

टीका करणाऱ्याला एक बंधन घाला : आधी कथेत काय घडते ते दोन वाक्यांत सांगायचे. पाच जणांनी पाच वेगळी कथानके सांगितली तर लेखकाला सर्वांत महत्त्वाची माहिती तिथेच मिळाली. मग, वाचताना लक्ष कुठे सुटले, कुठल्या पात्राचे वागणे पटले नाही, शेवट आधीच कुठे कळला, हे सांगायचे. ‘मी असतो तर विधवेऐवजी मुलगी घेतली असती’ अशा सूचनांना घड्याळ लावणाऱ्याने थांबवावे. ती दुसऱ्याची कथा होते. पाचांपैकी तिघे एकाच जागी अडखळले असतील तर तिथे नक्की काही बिघडले आहे, मात्र त्यांनी सुचवलेले तिन्ही उपाय बहुतेकदा चुकीचे असतात. उपाय लेखकानेच शोधायचा. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका तोंडी सांगू नका, कागदावर खुणा करून द्या. नाहीतर अर्धा तास वेलांटीत जातो.

सडकून टीका करणाऱ्याला काढून टाकण्याआधी त्याची कथा लवकर पाळीवर घ्या. बहुतेकांचा सूर त्यानंतर बदलतो. ज्याची कथा वर्षभर आलीच नाही, पण मते दर महिन्याला येतात, त्याला मात्र निरोप द्या.

प्रश्न : मी मूळचा भंडाऱ्याकडचा. माझी पात्रे झाडीबोलीत बोलतात. गटातले म्हणतात, ‘प्रमाण मराठी कर, पुण्या-मुंबईचा वाचक तुटेल.’ ऐकू का?

उत्तर : नका ऐकू. पण त्यांच्याकडून दुसरे काम करून घ्या. बोलीत लिहिलेल्या कथेत खरा घोळ सातत्याचा असतो. एकच बाई दुसऱ्या पानावर ‘मले’ आणि पाचव्यावर ‘मला’ म्हणते, किंवा झाडीतला म्हातारा मधेच वऱ्हाडी बोलू लागतो. नागपुरात दोन्ही कानांवर पडतात, त्यामुळे लेखकाच्या नकळत सरमिसळ होते. बोली न बोलणारा वाचक जिथे अर्थाला अडला तेवढ्याच जागी त्याने खूण करावी, आणि बोली बोलणाऱ्या एकाने फक्त रूपे तपासावीत. निवेदन कुठल्या भाषेत आणि संवाद कुठल्या, हे तुम्ही आधी ठरवा. तळटीपा टाळा. वाक्याच्या ओघात अर्थ उमगत असेल तर पुण्याचा वाचक कुठे तुटत नाही.

प्रश्न : गटात कथा दिली आणि कुणी कल्पना चोरली तर? (नंदनवन)

उत्तर : कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणे कथा लिहिली की हक्क तुमचा होतो, नोंदणी बंधनकारक नाही, लेखकाच्या मृत्यूनंतरही ६० वर्षे तो टिकतो. नुसत्या कल्पनेला मात्र संरक्षण नाही, लिहिलेल्या मजकुराला आहे. ईमेलने पाठवलेल्या फाइलवर तारीख राहते, तेवढा पुरावा जवळ ठेवा. खरा धोका वेगळाच आहे. कथा मोठ्या व्हॉट्सअ‍ॅप समूहात किंवा फेसबुकवर टाकली की अनेक संपादक तिला ‘पूर्वप्रकाशित’ धरतात. गटाबाहेर फाइल पाठवायची नाही, हे लेखी ठरवा.

प्रश्न : संस्था म्हणून नोंदणी करावी का?

उत्तर : निदान दोन वर्षे नको. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात सभासद लागतात; मग हिशेब तपासणी आणि कार्यकारिणी बदलली की धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज. सहा जणांच्या गटात अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव आणि कोषाध्यक्ष नेमले की लिहायला दोघेच उरतात. माणशी महिना ५० रुपये, एक वही आणि हिशेब ठेवणारा एक जण पुरे. अनुदान किंवा देणगी खरोखरच घ्यायची वेळ आली तर नोंदणीचे बघा.

प्रश्न : दिवाळी अंकासाठी गटाचा उपयोग कसा करावा?

उत्तर : उलटे मोजा. बऱ्याच अंकांचे संपादक जून ते ऑगस्टमध्ये मजकूर मागतात. जूनअखेर कथा पाठवायची तर मे महिन्यातल्या बैठकीत सुधारित खर्डा, फेब्रुवारीत पहिला. तीन महिन्यांच्या पाळीत हे बरोबर बसते. त्यासाठी पहिला खर्डा जानेवारीच्या अखेरीस सर्वांच्या हातात हवा, आणि मेमधली बैठक सकाळी सातची.