तान्हा पोळा: तान्हं कोण, बैल की लेकरू?

यवतमाळकडच्या एका वाचकानं विचारलंय: 'तान्हा पोळा म्हणताना तान्हा कोण, लाकडी बैल की तो ओढणारं लेकरू? आणि जुन्या चित्रांतल्या पोरांजवळ घोडा दिसतो, मग आपल्याकडे बैलच का?'

तान्हं म्हणजे अंगावर पिणारं, हे सगळ्यांना ठाऊक. म्हणून कोणी त्याचा संबंध तहानेशी लावतात. 'तान्हेला' शब्द शेजारीच उभा, मोह व्हायचाच. पण तहान आली तृष्णेवरून, आणि तान्हा आला तर्णकावरून, प्राकृतातल्या 'तण्णय'मार्गे. अमरकोश म्हणतो, 'सद्योजातस्तु तर्णकः', म्हणजे नुकतंच जन्मलेलं वासरू. शब्द मुळात गोठ्यातला. पाळण्यात तो नंतर आला. आज बोलणाऱ्याच्या मनात लेकरूच असतं, मोठ्यांचा पोळा झाला की दुसऱ्या दिवशी पोट्ट्यांचा. तरी मी माप टाकीन ते चाकांवरच्या नंदीच्याच पदरात.

घोड्याचं कूळ वेगळं. स्पार्टाचा राजा आगेसिलाउस घरी पोरांसोबत काठीवर बसून घोडाघोडा खेळे, असं ग्रीक चरित्रकार प्लुटार्कनं लिहून ठेवलंय. चित्रकार ब्रॉयगलच्या १५६० च्या, पोरांच्या खेळांनी गजबजलेल्या चित्रातही काठीचा घोडा आहे. १९व्या शतकात अमेरिकेत लहानग्या मुलामुलींना सारखेच झगे घालत. मग चित्रात मुलगा ओळखू यावा म्हणून त्याच्याजवळ चाबूक नाहीतर खेळण्यातला घोडा द्यायचे. आणि आपण छंदाला सर्रास 'हॉबी' म्हणतो ना, तोही घोडाच! आधी लहान चणीचं तट्टू, मग काठीचा घोडा, मग माणूस ज्यावर सदा स्वार असतो तो नाद.

आपल्याकडे कपाशीच्या तासात चालतो तो बैल. वाढयानं, म्हणजे सुतारानं, सागाचा तोच घडवला, पाटाला चार चाकं लावली. पोरं त्याला सजवून तोरणाखाली नेतात, मग बोजारा, म्हणजे पोळ्याची खुशाली, मागत घरोघरी फिरतात. घोडा घेऊन गेलं तर बोजारा कोण देईल?

आमच्या नंदीची दोन्ही शिंगं एकदा मोडली होती. पुण्याहून आलेला भाचा त्याला घोडा म्हणाला. आईनं त्याच्या हातची दोरी काढून घेतली, वाढयाकडून शिंगं बसवून आणली, अन् मगच दोघांना दाराबाहेर सोडलं.